नळी

मस्जिद बंदरला, काथ्याच्या गोदामावर एक खोली,
तेच आमचं युनियन.
एक टेबल, दोन बाकं, गळका माठ
आणि मी, वर्गणीची वही सांभाळणारा मुनशी.
बोट मला कधी लागली नाही,
कारण मी बोटीवर कधी चढलोच नाही.

खलाशाची नळी तुम्ही पाहिली नसेल.
पत्र्याची, वीतभर, झाकणाला दोरा.
आत गुंडाळलेले कागद: कुठलं जहाज, कुठला सारंग,
अंगठा, उंची, डाव्या भुवईवरचा व्रण,
आणि शेवटच्या रकान्यात कप्तानाचे दोन शब्द:
वर्तणूक चांगली.
तो रकाना कोरा राहिला
की माणूस धक्क्यावर उभा, नुसता उभा,
जहाजं मोजत.

घाटावरचा सारंग नळी कानाशी धरून हलवायचा,
नारळ हलवतात तशी.
आत किती पाणी, म्हणजे पहिल्या तीन पगारांतलं
ह्याच्याकडून मला किती.

करारात लिहिलेलं:
हिवाळ्यात अमुक रेषेच्या वर
काळ्या खलाशाला नेऊ नये.
मी वाचून दाखवलं तेव्हा शरफुद्दीन फणसोपकर हसला.
आगवाला होता, हसला की दातांच्या फटींत कोळसा दिसायचा.
"नेतात की, मुनशी.
फक्त नकाशा दुमडून ठेवतात."

संप ठरला.
चोरून कुणी सही करू नये म्हणून
सगळ्यांनी आपापल्या नळ्या आणून टाकल्या.
धोबीतलावच्या कुडांतून गोव्याचे बटलर आले,
नळ्या रुमालानं पुसून.
रत्नागिरीकडचे आले लुंगीत खोचून.
चारशे अकरा. पोती भरली.
रात्री मी त्या पोत्यांवरच झोपायचो.
कूस बदलली
की चारशे अकरा माणसं खणखणायची.

सातव्या रात्री फणसोपकर आला.
चपला हातात.
"माझी दे."
"सकाळी सभा आहे, तिथं माग."
"सकाळी लेडी मार्जोरी सुटते."
मग बराच वेळ काही नाही. मग,
"घरात गहाण टाकायला भांडं उरलं नाय रे."

खाली काथ्याच्या ढिगावर आमचे दोन स्वयंसेवक झोपले होते.
एक हाक पुरली असती.
मी कंदिलाची वात बारीक केली.
एवढंच केलं.

अंधारात तो नळ्या चाचपत राहिला,
पोच आलेली एक सापडली,
झाकण उघडून कागद बघितला, निघाला.
पहाटे झाडताना सुतळीचा तुकडा मिळाला.
दोन टोकांना दोन गाठी,
मधे माझी सहा बोटं आणि थोडं.

सभेत मोजणी झाली. चारशे दहा.
"एक कमी कशी?" काझितान परेरानं विचारलं.
"उंदीर."
"पत्रा खाणारा?"
"बंदरातला आहे," म्हणालो.
तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "पुढचा विषय."

अठरा दिवसांनी अडीच रुपये वाढले,
आणि सारंगाच्या दस्तुरीबद्दल एक वचन मिळालं,
जे देणाऱ्यानं उभ्याउभ्याच दिलं.
मार्जोरी तोवर वर गेली होती,
नकाशा दुमडतात तिकडे.

सुतळीचं मला कळलं फार नंतर,
भेंडीबाजारात जोडेवाल्यापुढे
एका बाईनं तसलीच सुतळी धरलेली पाहिली तेव्हा.
पोरीच्या पावलाचं माप.
जिथून जोडे आणायचे तिथे तो गेला
आणि माप माझ्याकडे राहिलं.

फणसोपकराचं नाव मी खोडलेलं नाही.
दरमहा त्याचे दोन आणे मीच भरतो.
हे नियमात बसत नाही,
फितुराला वर्गणी नसते.
त्याच्या पानात खूण म्हणून ती सुतळी आहे.
दोन आणे मांडले की ती काढून सरळ करतो,
टेबलाच्या कडेशी धरतो.
चौदा महिने झाले.
पाऊल वाढलं असणार.
गाठ सोडून पुढे बांधावी म्हणतो,
पण किती पुढे,
हे विचारायचं कुणाला?