एकास बहात्तर

रामशेज थर्माकोलचा आहे.
फ्रिजच्या खोक्यातून निघालेला, सातपूरच्या भंगारातला,
वर पीओपी, त्यावर चाळलेली माती.
माती मात्र खरी, आशेवाडीच्या वाटेवरची,
चिवड्याच्या रिकाम्या पिशवीत भरून आणली.

माणसं एकास बहात्तर.
डोंगर त्याच मापात केला असता
तर बुरूज निघाला असता
वरच्या मजल्यावर, नेरकरांच्या ओट्यापाशी.
म्हणून डोंगराला एक माप, माणसांना दुसरं.
खेळ रचायचा म्हणजे आधी
कुठे खोटं बोलायचं ते ठरवायचं.

इम्तियाज कोकणी दिवसा दूधबाजारात पाट्या रंगवतो,
रात्री तीन केसांच्या कुंचल्यानं पटके, शेले, म्यानं.
डोळे काढत नाही.
म्हणतो, इतक्या लांबून कुणाचे डोळे दिसतात का?
गड तोच लढवतो, दर खेपेला.

वेढा आहिऱ्यांचा. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त,
चश्मा कपाळावर, मोजपट्टी गळ्यात शिंप्यासारखी.
गडावरच्या लाकडी तोफेचा पल्ला मी नऊ इंच लिहिला होता.
त्यांनी शत्रूची तोफ असून सहा केला, आणि खाली टीप:
फाशावर एक पडला तर फुटली.
"लाकूड आहे, ताई. किती बार सोसेल?"

पाच वर्षं म्हणा, सहा म्हणा, कागद आपसात भांडतात.
मी सहा डाव धरले, एका शनिवारात बसवले.
उपासमार म्हणजे पिवळी सोंगटी.
पावसाळा म्हणजे मोगलांची हालचाल निम्मी.
दमदम्याला आगपेटीच्या काड्या, शंभरेक.

मागच्या महिन्यात आहिरे बराच वेळ गडाकडे बघत बसले.
"चाळीस शिपाई आहेत. पाणी कोण भरतंय?"
मला उत्तर आलं नाही.
तांबट आळीतून तार आणली, सात बायका वळल्या,
डोक्यावर मोहरीएवढे हंडे.
इम्तियाजनं त्या रंगवून आणल्या
आणि भिंगाखाली पाहिलं तर
सातहीजणींना डोळे होते.

प्रत्येक शिपायाच्या तळाला सुईनं नाव कोरलंय, मनानंच.
किल्लेदाराचा तळ कोरा.
त्याचं नाव मला खात्रीनं कुठे सापडलं नाही,
आणि त्याचं मनानं ठेवायला हात धजला नाही.

सहावा डाव लिहिताना अडले ते पैशापाशी.
दिवसभर मी प्रेसमध्ये कोऱ्या नोटांतली खोट शोधते.
शाई सांडलेली कळते, आकडा सरकलेला कळतो.
माणूस कितीला सरकतो, ते कुठल्या इंचात लिहू?
शेवटी लिहिलं:
किल्लेदार बदलला. गड राखणाऱ्यानं खुर्ची सोडावी.
नियम लिहिणाऱ्यानं तिथे बसावं.
दोन ते सहा: दरवाजा उघडा.

काल पत्ता निघाला.
इम्तियाज उठला, पण आधी वाकून
सातहीजणी एकेक करून उचलल्या
आणि रंगाचे डाग पडलेल्या खिशात टाकल्या.
"हे नियमात नाही," आहिरे म्हणाले.
"किल्लेदार बदलला ना," इम्तियाज म्हणाला,
"पाणी भरणाऱ्या थोड्याच बदलल्या."

मी त्याच्या खुर्चीत बसले. ती अजून गरम होती.
फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळत
फ्रिजखाली गेला. झाडूनं ओढून काढला
तर धुळीत माखलेला एक.
गड राहिला!
मी श्वास सोडते न सोडते तोच
आहिरे चश्मा पुसत म्हणाले,
"जमिनीवर पडलेला धरत नाहीत, ताई.
पान तीन. तुमचाच नियम."

पुन्हा टाकला. चार.

इम्तियाज गॅलरीत उभा होता, पेठ रोडच्या दिशेनं तोंड करून.
कोणीच काही बोललं नाही, मग मी पोहे टाकले.
आहिऱ्यांनी काड्यांचा दमदमा मोडून
आगपेटीत परत भरला, मोजून,
आणि जाताना मला विचारलं,
पुढच्या शनिवारी त्या सातजणी येतील ना?