पापा किलो, किलो पापा

पांगोलीच्या अलीकडे, मोहाच्या रानाला लागून
आमची धावपट्टी.
शिकाऊ विमानं दिवसभर त्याच चार वळणांवरून
घाण्याच्या बैलासारखी फिरतात.
मी वर, काचेच्या खोलीत, कानांना डबे लावून.

त्या महिन्यात दोन विमानं होती.
एक पापा किलो,
एक किलो पापा.
कुंपणाशी बकऱ्या राखणारी पोरं ओरडायची,
"पापा किती किलो?"
मलाही हसू यायचं. तरी वर दोनदा लिहिलं.
उत्तर आलं : अक्षरं नियमानुसार आहेत.

नियमानुसार तर आम्हीही होतो,
देवकला आणि हेमकला,
दीड वर्षाच्या अंतरानं.
रोवण्याच्या दिवसांत आई धुऱ्यावरून हाक मारायची.
मधे सात बांध्या, गुडघाभर पाणी, वारा.
तिच्या तोंडून निघालेलं नाव
येता येता पुढून कुरतडलं जायचं,
पोचायचं ते नुसतं "…कला".
पऱ्ह्यांच्या पेंड्या टाकून दोघी धावायचो.
"एकीला बोलावलं, दोघींचं काय काम?"
म्हणायची, आणि एका वाटीची आंबील
दोघींत ओतायची.

मग तो फाल्गुन.
मोहाखालचा पाला पेटवलेला,
धूर पट्टीपर्यंत येऊन बसलेला.
पापा किलो आकाशात, शेवटच्या वळणावर,
आत लिन्सी, केरळची.
किलो पापा पट्टीच्या तोंडाशी,
पंचवीस मिनिटं उन्हात उकडत,
आत गरिमा, हिसारची.
मी म्हटलं, पापा किलो, मोकळी आहे, उतर.
इंग्रजीतच म्हटलं, पुस्तकात आहे तसं.

पंचवीस मिनिटं ज्या शब्दाची वाट पाहिली
तो शब्द कान स्वतःच घडवतो.
दोघींनी एकदम उत्तर दिलं.
दोन आवाज एकमेकांवर पडले
की रेडिओतून माणूस येत नाही,
तापल्या तव्यावर पाणी पडावं तसं काहीतरी येतं,
आणि शेवटी एक तुकडा : "…पापा".
मी वहीत बरोबरची खूण केली.
हे कोणाला सांगितलेलं नाही :
खूण आधी केली,
मान नंतर वर केली.

खालचं विमान हललं होतं.

थांबवायचं वाक्य आहे. तोंडपाठ आहे.
त्याची परीक्षा देत आले दरवर्षी.
पण वाक्याच्या आधी नाव लागतं,
आणि नाव उलटंसुलटं होऊन
दातांत अडकलं, किलो, पापा, कि…
बाहेर पडलं ते धुऱ्यावरचं :

"थांब वो बाई!"

हिसारच्या पोरीनं ब्रेक दाबला.
केरळच्या पोरीनं नाक वर केलं,
टॉवरच्या काचा थरथरल्या.
पट्टीवर कोणीच नव्हतं.
एक टिटवी तेवढी तुरुतुरु
या कडेची त्या कडेला गेली.

संध्याकाळी कँटीनमध्ये
गरिमा चहा ढवळत राहिली, साखर विरघळून गेली तरी.
मग म्हणाली, "मॅडम, वो बाई… कौनसी बाई?"
मी म्हटलं, तूच.
थोड्या वेळानं म्हटलं, तीपण.

आठवड्यानं किलो पापाला
दुसरीकडे नेलं. कारण कागदावर
वेगळंच होतं, इंजिनाची दुरुस्ती.
बकऱ्यांमागची पोरं काही दिवस
"पापा कुठं गेले?" विचारत राहिली.

त्या रात्री बालाघाटहून फोन.
"मी."
कोण मी, विचारायचा नियम आहे.
विचारलं नाही.
ती बोलत गेली, मी एकेक परत म्हणत गेले :
मोह यंदा बरा पडतोय.
आईचा गुडघा सुजलाय.
रविवारच्या गाडीनं येतेस, एकटीच.
"येडी झाली का वो?" ती हसली.
मी म्हटलं, पुन्हा सांग.