सढळ हात

किल्ली माझ्या तळव्यावर ठेवताना बोहुमीर म्हणाला,
क्वेता, पाणी गळलं तरच उघड.
खाण्यापिण्याचं यंत्र बघून घेईल.

तीन आठवडे. डोंगरातलं आरोग्यधाम.
चाळीस वर्षं कोळसा ओढलेली त्याची फुप्फुसं
तिथे रोज वाफेसमोर बसवतात.
ओस्त्राव्यातल्या खाणी बंद झाल्या, त्यांच्या तळाशी पाणी भरलं,
पण त्याचा खोकला अजून पाळीवर जातो,
पहाटे पाचला, माझ्या भिंतीपलीकडे.

यंत्र म्हणजे मुठीएवढा डबा, काचेच्या कडेला चिमटलेला.
पोटात पिंप, पिंपाला फट.
सकाळी आठला एक गिरकी, संध्याकाळी सहाला दुसरी.
जाण्याआधी आठवडाभर
त्याने ते रिकाम्या बशीवर चालवून पाहिलं,
पडलेला चुरा टपालाच्या काट्यावर तोलला,
मला बोलावून दाखवला: एवढंच लागतं त्यांना.
मी म्हटलं, हो.
गेल्या उन्हाळ्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात यंत्र मी होते.

माझ्या आईने युद्धात पावाचे तुकडे मोजले होते,
म्हणून पुढे आमच्या घरात कुणी काही मोजलं नाही.
ताट शिगोशीग. नको म्हणेल त्याला आणखी एक डाव.
तोच हात मी त्या पाण्यावर उघडला.
मासे वर आले, तोंडं उघडून,
आणि उघडं तोंड म्हणजे भूक,
याखेरीज दुसरा अर्थ मला कुणी शिकवला नव्हता.
चौथ्या दिवशी पाणी ताकासारखं.
अकरा निऑन, पोटं वर,
आपापली निळी रेघ विझवून.
तो एक शब्द बोलला नाही.
रात्रभर बादल्या मात्र ऐकल्या मी.

आता पाणी गळतंय की नाही
हे दार उघडल्याशिवाय कळणार कसं?

सोमवारी उघडलं. कोट न काढता बसले.
आठला डबा कुरकुरला, फिरला,
मासे आले, चुरा पडला, संपलं.
माझ्या कॉफीचा पहिला घोटही उतरला नव्हता.
कंजूष मेला, मी डब्याला म्हटलं.
मंगळवारी परत गेले.
आणि मग रोजच, कॉफीसकट.

दहाव्या दिवशी डबा फिरला,
मासे आले,
काहीच पडलं नाही.

पाण्याची वाफ चढून फटीत चुऱ्याचा गोळा झालेला.
तो तसाच गिरकी घेऊन थांबला,
कामावर वेळेवर पोचलेल्या, काही न करणाऱ्या माणसासारखा.
चुऱ्याची बरणी कुठे असते ते मला माहीत होतं.
पाणी गळत नव्हतं.
मी कुलूप लावून घरी आले.
दिवसभर घशाखाली घास उतरेना, कोबी फेकून दिला.

संध्याकाळी सहाच्या आत केसातली पिन काढली,
फट कोरली, पिंप पुसलं, रेडिएटरवर वाळत ठेवलं.
ते वाळेपर्यंत जेवण कुणी वाढायचं?
दोन बोटांनी उचलले. परत टाकले. पुन्हा उचलले.
चौदा कण.
सत्त्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा
मी कुणाला मोजून वाढलं,
आणि हात इतका थरथरला
की पंधरावा आपोआप पडला.

बोहुमीर आला, गालांवर थोडा रंग घेऊन,
बगलेत आरोग्यधामाच्या वेफर्सचा गोल डबा.
बूट न काढताच मासे मोजले, दोनदा.
बघितलंस, म्हणाला, यंत्राने एक दिवस चुकवला नाही.
नाही, मी म्हटलं.
त्याने डबा पुढे केला. मी एक वेफर घेतला.
आणखी घे ना, तो म्हणाला, आणखी.

घरी येऊन कोट काढताना
केसांची बट डोळ्यांवर आली,
तेव्हा आठवलं:
पिन त्याच्या रेडिएटरवरच राहिली.