तिसरा खण

नाहानी नदीवर नववी रात्र.
सहा माणसं, तीन होड्या,
उपग्रहाशी बोलणारं एकच नारिंगी यंत्र.
ते ब्रिजिटच्या ताब्यात,
अस्वलासाठीच्या फवाऱ्याशेजारी.

ऑर्व्हिलची पाळी आली. घरून एवढंच होतं:
"नळ गळतोय. पाना कुठंय?"
आम्ही हसलो. तो नाही.
हातमोजा दातांनी ओढून
त्यानं टाइप केलं: तिसरा खण.
मग शेकोटी विझेपर्यंत
तिसरा की चौथा, करत बसला.

पुढचे दोन दिवस नुसते कडे.
आभाळ चिंचोळं, यंत्र मुकं.
त्याचं वल्हं मध्येच थांबायचं,
होडी वाकडी जायची.

दरी संपली तिथं, वाळूच्या बेटावर,
तो मासा साफ करत होता.
टुण्ण झालं.
खवल्यांच्या हातानंच वाचलं त्यानं:

"चौथ्यात होता. नळ थांबला.
आता झोप येत नाही."