दोन सूत

मठच्या चढणीवर पॉटरी होती.
आता तिथे काजूची कलमं,
आणि आळी खणताना फुटक्या बशा लागतात,
पांढऱ्या, कडेला हिरवट.

शरयू आजगांवकर अठ्ठावन्न साली आल्या,
मुंबईला शिकून, बोटीनं,
वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर उतरल्या तेव्हा
करंडीत गवतात गुंडाळलेले प्लास्टरचे साचे.
हमालानं विचारलं, अंडी काय गे बाय?
हे आई सांगते. ती तेव्हा सतरा वर्षांची,
साच्यात पातळ माती ओतायला, दीड रुपया रोज.

मालकांना गुलाब हवे होते.
गुलाब खपतात, सोनेरी काठ खपतो,
आहेरात द्यायला बरं दिसतं.
बाईंनी किटलीवर काहीच काढलं नाही.
पोट असोल्या नारळासारखं,
कान म्हणजे एकच वळण,
आणि रंगासाठी सहा महिने भट्टी जाळली.
पहिला शेवाळी उतरला, दुसरा शाईसारखा,
तिसऱ्याला बुडबुडे.
मग एका पहाटे
खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी खारं होतं
तिथला रंग निघाला,
आणि बाई भट्टीच्या दारातच मटकन बसल्या.
मालक म्हणाले, उजळ नाही.

चोचीपाशी आली की आई दरवेळी थांबते.
रोज संध्याकाळी बाई पाणी ओतून बघायच्या,
ओठ घासायच्या, पुन्हा ओतायच्या.
"थेंब ओघळूक नको," त्यांनी आमची बोली उचलली होती,
"टेबलावरचा कापड कोण धुता? बायलच धुता."
ती चोच आजही गळत नाही.

चुकलं ते झाकण.
ओतताना पडतं. कितीही जपा, पडतं.
त्यांनी वहीत लिहिलं होतं, दोन सूत खोल हवं.
नवा साचा व्हायच्या आत दाराला कुलूप लागलं,
थकलेल्या पगाराऐवजी माल वाटला,
आईच्या वाट्याला अकरा किटल्या.
एकीत मीठ राहिलं, एकीत कोंबडी खुडूक बसली,
बाकीच्या कुणाकुणाच्या लग्नात गेल्या.
बाई कुठे गेल्या?
कोणी बडोदा म्हणतं, कोणी लग्न,
जणू तेही एक गाव.

तळाला मालकांचा शिक्का आहे,
कमळ, खाली 'अँड सन्स'.
सन्स दोघेही डॉक्टर झाले.

अकरावी माझ्याकडे आहे.
ओतताना आईचं बोट जिथे असायचं
तिथेच माझं जातं,
टोकाला चटक्यानं कातडी जाड झालीय.
परवा लेकीनं चहा ओतला,
तिला कुणी सांगितलं नव्हतं,
तर्जनी आपसूक झाकणावर.

पाहुणे म्हणतात, कुंभाराकडून नवं करून घ्या,
काय लागतं त्याला.
करू, म्हणते मी,
आणि बोट ठेवते,
गरम, दोन सूत उथळ,
तिथेच.