गाळा नंबर सतरा

रबाळे एमआयडीसी, दुपारचे तीन.
पिंपातली ज्वारी सहा दिवस बुडबुडून
आज गप्प झाली.
स्टीलची चाळण दोनदा तुंबली,
वर कोंड्याचा लगदा, आंबूस फेस,
आणि माझं बी.एस्सी.

घणसोलीची गोमीबाय लादी पुसता पुसता थांबली.
दुसऱ्या दिवशी घेऊन आली
सासऱ्याची जवळ्याची बोकशी.
खाडीत जवळाच उरला नाही, म्हणून
माळ्यावर पडून होती.
तीनदा उकळली, तरी खारट वास.

दोन शिड्यांमध्ये बांधली. ओतलं.
मी पिळायला गेलो
तर मनगट धरलं तिने:
"पिलू नुको. गलू दे.
पिललंस त पीठ उतरंल,
न भांड्याच्या बुडाला करपंल."

तुला कसं ठाऊक, विचारलं नाही.
ती भिंतीवरच्या चौकटीतल्या
परवान्याकडे बघून हसली फक्त.

मग संध्याकाळपर्यंत
टिप.
टिप. शेजारच्या गाळ्यातली लेथ बंद झाल्यावर
जास्तच मोठ्याने.

शेवटी तिने मूठभर चोथा उचलला, हुंगला.
"चांगली व्हती," म्हणाली,
गेलेल्या माणसाबद्दल म्हणतात तसं,
आणि दिघ्याच्या तबेल्यासाठी
बादल्या भरायला लागली.