सातवा सामना

बाबांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी,
डाव्यासाठी पंधरवड्याने पुन्हा ओरोस.
मोबाइलकडे महिनाभर बघायचं नाही,
डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलंय.
म्हणून बघायचं मी, आणि सांगायचं.

तारामुंबरीत रेंज येते ती फक्त
बर्फाच्या कारखान्यामागे.
पालथ्या होडीवर आम्ही दोघं.
इथे दुपारचे साडेपाच होत आलेत, जाळ्यांवर तिरपं ऊन.
तिकडे कोरियात रात्र, मैदानावर दिव्यांचा लख्ख उजेड,
लोकांच्या तोंडातून वाफ निघतेय.
समालोचन मला ओ की ठो कळत नाही.
बाबांना तिकडचे चार शब्द येतात:
भात, पगार, उद्या,
आणि एक शिवी.

तांबडे आणि निळे.
तीन सामने यांचे, तीन त्यांचे, आज निकाल.
आपले तांबडे.
म्हणजे सोकह्वानचे.

बत्तीस वर्षं झाली,
बुसानच्या गोदीत जहाज दुरुस्तीला चढलं
आणि मागच्या मागे कंपनीच बुडाली.
पाच महिने पगार नाही.
इकडे आईच्या हातातल्या पाटल्या देवगडला गेल्या
त्या काही परत आल्या नाहीत.
तिकडे हा वेल्डर रोज संध्याकाळी बाबांना
कँटीनच्या टीव्हीसमोर बसवायचा,
आपल्या वाडग्यातलं अर्धं सूप यांच्या वाडग्यात.
बाबांनी त्याला हातवाऱ्यांनी विटीदांडू शिकवला,
त्याने बाबांना हा खेळ.
फोटो नाही. पत्ता नाही.
तांबडे तेव्हाही हरायचे.

मला या खेळाचे शब्द येत नाहीत.
टाकतो तो फेक्या,
मागे उकिडवा बसतो तो झेल्या,
मधे मधे उशा टाकल्यात ते थांबे.
बाबा म्हणतात, नावां ठेवू नको, चेंडू सांग.

मग मी चेंडू सांगते.
बाहेर. बाहेर. आत. हुकला.
क्रिकेटात या टोकाचं त्या टोकाला पळायचं, बस.
"हयसर घराकडसून निघाचा,"
बाबा लहानपणापासून मला समजावतात,
"आणि फिरान घराकडेच येवचा.
मधी कोणी गाठल्यान तर संपला."

शेवटचा डाव. तांबड्यांना एक कमी.
दोघे बाद. तिसऱ्या थांब्यावर एक कोवळं पोर,
गुडघे वाकवून, घराकडे तोंड करून.
फेक्याने हात मागे नेला
आणि

काय झाला?

गोल फिरतंय, बाबा.

फिरांदे.

ट्रॉलर लागला. बांगड्याचे क्रेट उतरले,
गुलाबाकाकूने भावावरून दोघांना झोडपलं,
एक कावळा टोपलीपाशी येऊन गेला.
बाबांचा हात होडीच्या फळीवर, सपाट.
पाच महिने थांबलेल्या माणसाला
अकरा मिनिटं म्हणजे काय.

चित्र आलं तेव्हा निळे एकमेकांवर
ढिगारा करून पडले होते.
ते पोर मातीत पालथं,
बोटं पुढे ताणलेली,
घर वीतभर लांब.

गेलो, बाबा. वीतभर राहिला.

वाटलं होतं गप्प होतील.
बाबा हसले, पट्टीखाली पाणी येईस्तोवर,
मग काहीतरी बोलले, मला न कळणारं.
काय ते?
"पाचवो शब्द. पुढल्या वर्षी.
हरलो की सोकह्वान ह्याच म्हणायचो, सूप ओढीत."
आपण पाण्यात उभे राहून गणपतीला म्हणतो तसं?
"तसाच. पण तो लवकर या म्हणी नाय.
तेका घाई नसायची."
थोडं थांबून म्हणाले,
"म्हंजे अजून म्हणत असतलो."

बॅटरी दोन टक्के. बांगडो काय भाव, विचारलं त्यांनी,
आणि उठले.
मी हात पुढे केला, तो घेतला नाही.
वाटेत ते चाचपत गेले
कारखान्याची भिंत,
मग डिझेलची टाकी,
मग पारकरांचा गडगा,
प्रत्येकाला एकेक थाप.
काय करता, बाबा?
डोळो नाय ना, म्हणाले.